चौकटीवरचे चार दात

आरसेकाकांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची दारं-खिडक्या रंगवली आणि प्रत्येक दारापाशी उभं राहून तेच ऐकवलं, "वहिनी, घरातला आरसा काढून टाका. उद्यापासून या दारात बघून भांग पाडा." हे म्हणताना मान तिरकी, डावा डोळा बारीक आणि शेवटी जीभ टाळूला लावून एक 'टॉक्'. तो टॉक् इतका खणखणीत की जिन्यातली पोरं येता-जाता त्याची नक्कल करत. काकांना त्याचं वाईट वाटत नसे. नक्कल होते म्हणजे माणूस दखल घेण्याजोगा आहे, असा त्यांचा हिशेब.

गुडघे गेले तशी शिडी सुटली आणि त्यांच्याकडे नवं काम आलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, सून पोस्टाच्या खिडकीवर बसायची. नऊ ते पाच घरात काका आणि दोन नातवंडं. मोठी साडेतीन वर्षांची, सगळं गालात साठवून ठेवायची म्हणून तिला खारूताई म्हणत. धाकटा सहा महिन्यांचा, हसला की नुसत्या हिरड्या, म्हणून तो बोळक्या.

धंद्यातल्या सगळ्या सवयी शिडीबरोबर सुटल्या नव्हत्या. काकांच्या उस्तादांनी त्यांना जुना रंग ओळखायची एक युक्ती शिकवली होती. भिंतीचा किंवा चौकटीचा पोपडा नखाने उचलायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. तुरट लागला तर कच्चा माल. गोडसर लागला तर पक्का, म्हणजे शिसं घातलेला, जड, पंचवीस वर्षं जागचा न हलणारा. मग थुंकायचं आणि मनगटाने ओठ पुसायचे. पुढे दुकानदार सांगू लागला, "काका, आता बिनशिशाचा आलाय, जुना घेऊ नका, विष असतं त्यात." काका डबा हातात तोलून म्हणत, "बिनशिशाचा म्हणजे बिनकण्याचा. आणि विष असतं तर मी तुझ्यासमोर उभा असतो का?" तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी चांगलं ऐकलं होतं आणि उडवून लावलं होतं.

स्वतःचं घर त्यांनी लग्नाच्या वर्षी रंगवलं होतं. अर्थात पक्का माल. भिंतींवर नंतर बरेच हात चढले, पण खिडक्यांना त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या पलंगाला लागून जी खिडकी होती तिच्या चौकटीचा रंग आता सुकलेल्या चिखलासारखा तडकला होता.

एका दुपारी खारूताईने आईसाठी भोकाड पसरलं. काकांनी समोरच्या मावशींची नक्कल करून दाखवली, वाण्याची केली, कुकरच्या शिट्टीचीही केली. काही चालेना. तेव्हा त्यांनी चौकटीचा एक पोपडा उचलला, मान तिरकी केली, डोळा बारीक केला आणि जिभेला लावला.

"टॉक्! पक्का माल!"

रडणं थांबलं. "मला," खारूताई म्हणाली.

"तू काय रंगारी आहेस?"

"हो."

काका इतके हसले की त्यांनी तिला नखाएवढा तुकडा दिला. तिने मान तिरकी केली, डोळा बारीक करता येईना म्हणून दोन्ही मिटले, तुकडा जिभेवर ठेवला. "गोड!" आणि टॉक्. हुबेहूब. सगळं जमलं, फक्त थुंकायचं राहिलं.

"आईला सांगायचं नाही हं," काका म्हणाले. "दोघांनाही ओरडा बसेल." तो आपला दोघांचा खेळ झाला. काकांनी तिला दुसऱ्या दिवशी पोपडा चाखताना पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं, मग "पुरे आता" म्हणाले आणि पुरे झालं असं मानून घेतलं. दुपारी डुलकीतून जाग आली की कधी तिच्या ओठांवर पांढरी भुकटी दिसे. ते ती पंच्याने पुसत आणि कूस बदलत.

पुढच्या दोन महिन्यांत पोरीची भूक गेली. पोट दुखायचं, शी व्हायची नाही, चिडचिड तर अशी की चप्पल उलटी पडली तरी तासभर रडणं. सूनबाईने अर्धी रजा टाकली आणि काकांना सोबत घेऊन मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. या बाईंच्या तोंडी 'तुम्ही' नव्हतंच, जे काही होतं ते 'आपण'.

"आपण किती वर्षांचे? साडेतीन! आपल्या पोटात दुखतं? आपण आता एक छोटीशी सुई घेऊ, आपण अजिबात रडायचं नाही हं." खारूताई रडली. त्या 'आपण'पैकी न रडलेल्या फक्त बाईच.

चार दिवसांनी आकडा आला. रक्तात शिसं, बावीस. बोळक्याचंही तपासलं होतं, त्याचं आठ.

"पाचच्या वर गेलं की आम्ही धावपळ सुरू करतो," बाई म्हणाल्या. "हे मुलांच्या डोक्यात जातं. शिकणं, लक्ष, बोलणं, सगळ्यावर परिणाम. गेलेलं परत आणायला औषध नाही. आत जाणं थांबवायचं, एवढंच आपल्या हातात. घर जुनं आहे? रंगाचे पोपडे वगैरे तोंडात घालते का आपली बाळी?"

"नाही हो," सूनबाई म्हणाली. मग थांबली. "म्हणजे मी घरी नसते." ती काकांकडे वळली. "बाबा, तुम्ही पाहिलंत कधी?"

खोलीत पंखा फिरत होता. काकांनी पंख्याकडे पाहिलं.

"लहान मुलं ती," ते म्हणाले, "काय काय घालतात तोंडात."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते खोट्यापेक्षा वाईट होतं आणि काकांना तोंडातून निघता निघताच ते कळलं. तेवढ्यात टेबलाखालून खारूताईने मान तिरकी केली. "टॉक्! पक्का माल!" डॉक्टरीणबाई हसल्या, "अगदी आजोबा आहेत आपण!" सूनबाईही डोळे पुसता पुसता हसली. काकाही हसले. त्यांचा बनियन पाठीला चिकटला होता.

घरी आल्यावर समोरच्या मावशी दारात हजरच. मावशींची बोलायची एक पद्धत होती. त्या आधी जाहीर करत की आपण बोलत नाही आणि मग बोलत.

"मी कोणाला काही बोलत नाही बाई. पण आई दिवसभर घराबाहेर असली की लेकरू माती खातं, चुना खातं, कोण बघणार? मी बोलले का? नाही बोलले. मला काय करायचंय."

सूनबाई मान खाली घालून भाजी निवडत राहिली. ती स्वतःलाही तेच सांगत होती. शेजारी काका चहा पीत होते. मावशींनी त्यांच्याकडे पाहून "काय हो?" केलं. काकांनी कपात बघून "हं" केलं.

एवढंच. एक "हं". पण पुढे कित्येक दिवस चहाचा पहिला घोट घेतला की तो "हं" त्यांना ऐकू यायचा, आणि तोही स्वतःच्याच आवाजात, नक्कल न करता.

मग पालिकेच्या आरोग्य खात्यातून एक ताई आली. तिच्या हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं एक यंत्र होतं. चौकटीला टेकवलं की ते आकडा दाखवायचं. दारं, खिडक्या, कठडा, सगळीकडे आकडे. ताई ते लिहून घेत होती आणि बोलत होती, एका दमात, रोज दहा घरी बोलून गुळगुळीत झालेलं: "कोरडा पॉलिश पेपर मारायचा नाही, पत्रीने खरवडायचं नाही, झाडू नाही, ओलं फडकं फक्त, पोपडा दिसेल तिथं चिकटपट्टी, आमची माणसं पुढच्या गुरुवारी येतील, प्लॅस्टिक अंथरून, पाणी मारून, ओलं काढतील, तोवर मुलांचे हात दिवसातून दहा वेळा."

"ताई, मी चाळीस वर्षं हेच काम केलंय," काका म्हणाले.

"म्हणूनच तुमच्याकडे बघून सांगतेय काका. शिसं पोपड्यात असतं तोवर एक वेळ बरं. धूळ झाली की ते कुठं जाईल याचा नेम नाही."

काकांच्या खोलीत तिने खिडकीच्या वरच्या कडेला यंत्र लावलं, आकडा पाहून भुवया उंचावल्या आणि "ही संपूर्ण" असं लिहिलं. खालच्या कडेला काकांच्या उशा रचलेल्या होत्या. त्या तिने हलवल्या नाहीत.

ती गेल्यावर काकांनी हलवल्या. खालच्या कडेवर, पलंगावर गुडघे टेकून तोंड पोचेल नेमकं तिथं, चार खुणा होत्या. दोन वरून, दोन खालून. तांदळाएवढ्या. पोरीने पोपडे संपल्यावर लाकडालाच तोंड लावलं होतं.

गुरुवारी माणसं येणार, उशा उचलणार. "काका, हे काय? इथं तुम्हीच झोपता ना?" सूनबाई मागे उभी असणार. काकांनी ते दृश्य दिवसातून वीस वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कानशिलांना आग लागली. पोरीच्या रक्तातल्या बावीसपेक्षा त्यांना त्या चार खुणांची जास्त भीती वाटत होती. ही गोष्ट त्यांनी पुढे कोणालाच सांगितली नाही, बाकी सगळं सांगितलं तरी.

मंगळवारी दुपारी दोन्ही मुलं बाहेरच्या खोलीत झोपली. काकांनी आपल्या खोलीचं दार लोटलं, पलंगाखालून ट्रंक ओढली आणि पॉलिश पेपरचा तुकडा काढला. पाणी घेतलं नाही. ओलं केलं असतं तर चौकट दोन दिवस ओली दिसली असती. चार बोटं जागा तर घासायची होती.

पण चार बोटं घासली तर तेवढीच उजळ दिसू लागली. म्हणून सगळी कड घेतली. मग कड आणि बाजू यांत फरक दिसू लागला, म्हणून बाजू घेतली. आणि एकदा हात सुरू झाल्यावर तो हात चाळीस वर्षांचा होता, तो काही ऐकेना. पांढरी बारीक भुकटी उशांवर बसली, गादीच्या शिवणीत गेली. काकांनी फुंकर मारली, चादर तिथंच झटकली, झाडू फिरवला. अर्ध्या तासाने दात गेले होते. कडेवरून बोट फिरवलं तर काच. जीभ सवयीने टाळूला लागली, पण आवाज काढायचा धीर झाला नाही.

बोळक्या रडत उठला. काकांनी त्याला त्याच हातांनी उचललं आणि रोजच्यासारखं आपल्या गादीवर शेजारी घेऊन पडले. पाच वाजेपर्यंत.

गुरुवारी माणसं आली. त्यांनी गाद्या, कपाटं, सगळं बाहेरच्या खोलीत हलवलं, प्लॅस्टिक लावलं, काम चोख केलं. त्यांच्या मुकादमाने काकांच्या खिडकीवरून हात फिरवला. "ही कोणी घासली? हात भारी आहे."

"मीच. झाली चार-पाच वर्षं," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामाची तारीफ गिळवेना.

महिन्याभराने पुन्हा रक्त तपासलं. खारूताई वीसवर आली होती. बोळक्या आठवरून सव्वीसवर गेला होता.

या वेळी डॉक्टरीणबाई 'आपण' म्हणाल्या नाहीत. "ही ताजी धूळ आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात कोणीतरी कोरडं घासलंय."

संध्याकाळी मुलगा टेबलाशी बसून तक्रार लिहीत होता आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता. लिफ्टवाला माणूस, एरवी चार शब्दांवर पाचवा बोलत नसे, पण कागद समोर आला की त्याच्या अंगात कचेरी संचारायची. "महोदय, सविनय कळविण्यात येते की, आपल्या खात्याच्या कर्मचाऱ्यांनी अत्यंत निष्काळजीपणे... बाबा, निष्काळजीपणे पुरे की 'बेजबाबदारपणे'ही घालू?"

"दोन्ही घाल," मावशी दारातून म्हणाल्या. "मी साक्षीला येते. काय ती धूळ, काय ती धूळ! म्हणजे मी तेव्हा बहिणीकडे होते, पण कळतं ना."

"त्या मशीनवाल्या बाईला कामावरून काढायलाच लावतो," मुलगा म्हणाला. "म्हणे ओलं फडकं! बाबा, गुरुवारी तुम्ही घरात होतात. तुम्ही स्वतः या धंद्यातले. तुमची सही असली की कोणी हू की चू करणार नाही. इथं."

त्याने कागद फिरवून पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. काकांनी पेन उचललं. सही करायची नाही हे त्यांनी ठरवलं वगैरे नव्हतं. उलट हात सहीच्या जागेपर्यंत गेला. पण त्या ओळीच्या वर ताईचा हुद्दा लिहिला होता, आणि त्यांना तिचं ते एका दमातलं बोलणं आठवलं, आणि त्यात एक वाक्य त्यांच्याकडे बघून सांगितलेलं होतं.

"त्यांनी नाही घासलं," काका म्हणाले.

"मग कोणी?"

"मी."

मुलाने आधी हसायला सुरुवात केली, मग थांबला. सूनबाई ओट्यापाशी होती, ती हात पुसत बाहेर आली. तिने पोस्टाच्या खिडकीतला आवाज काढला, जो रांगेतल्या गोंधळलेल्या माणसांसाठी असतो, एकावेळी एकच प्रश्न.

"कधी?"

"मंगळवारी. ती माणसं यायच्या आधी."

"कशाने?"

"पॉलिश पेपरने. कोरडं."

"का?"

काकांच्या हातात अजून पेन होतं. "दातांच्या खुणा होत्या. चौकटीवर. खारूच्या." त्यांनी पेन कागदावर ठेवलं. "तिला रंग चाखायला मी शिकवलं. गंमत म्हणून. सांगू नको म्हणून मीच म्हणालो होतो. डॉक्टरांकडे तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. आणि मावशी तुला बोलल्या तेव्हाही."

दारात मावशींनी तोंड उघडलं आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खरंच काही बोलल्या नाहीत.

मुलगा उठला, बसला, "बाबा!" म्हणाला, पुन्हा उठला. काका सूनबाईकडे बघत होते. ती आता ओरडेल, ओरडू दे, ओरडली तर बरं, असं त्यांना वाटत होतं. ती ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग अजून पोचलाच नव्हता. तिथं आधी दुसरंच काहीतरी आलं.

"घासलंत तेव्हा गादी कुठं होती?"

"पलंगावर. तिथंच."

"नंतर धुतली? झटकली कुठं?"

"झाडली. खोलीतच."

"तीच गादी अजून आहे?"

काका उत्तर द्यायच्या आत तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. काकांच्या पलंगावर, काकांच्या गादीवर, बोळक्या पालथा पडून उशीचा कोपरा हिरड्यांनी चघळत होता. रोज संध्याकाळी चघळायचा तसा.

ती धावली.

पुढचा तासभर घरात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ताईला फोन झाला आणि ती तशीच कामावरून आली. गादी, उशा, चादर, झाडू, पंचा, सगळं जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून मुलाने खाली नेलं. ताईने फॉर्म काढला आणि काकांना पुन्हा तेच सगळं विचारलं, वेळेसकट. काकांनी सांगितलं. पॉलिश पेपरचा तुकडा ट्रंकेतून काढून दिला. ताई रागावली नाही, तिने फक्त पेनला टोपण लावताना म्हटलं, "काका, गुरुवारी सांगितलं असतंत तर गादी गुरुवारीच गेली असती."

महिना. एक महिना बाळ त्या गादीवर झोपलं होतं. काकांनी मान हलवली. टेबलावर मुलाची अर्धवट तक्रार पडली होती. कोणीतरी तिची घडी घालून कपाटावर टाकली.

दुसऱ्या दिवशी काका मावशींच्या दारात गेले. मावशींनी कडी काढली आणि नेहमीसारखं "मी काही कोणाला—" सुरू केलं.

"बोला," काका म्हणाले. "सगळ्यांना बोला. जिन्यात, वाण्याकडे, सगळीकडे. आजोबांनी केलं म्हणून सांगा. ती कामाला जाते म्हणून झालं, हे मात्र तुम्ही जिथं जिथं सांगितलंत तिथं जाऊन फिरवा." मावशींना एवढी मोकळी परवानगी कधी मिळाली नव्हती. त्या गोंधळल्या. पण आठवड्याभरात वाण्याने काकांना सुटे पैसे देताना नजर चुकवली, तेव्हा काम झाल्याचं काकांना कळलं.

मुलं आता पाळणाघरात जातात. ते सूनबाईने ठरवलं आणि कोणालाही विचारलं नाही. काकांनी दुपारभर रिकाम्या घरात फरशी ओल्या फडक्याने पुसायची, हे काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं. खारूताईला त्यांनी समोर बसवून सांगितलं, "मी शिकवलेलं चूक होतं. रंग कधी तोंडात घालायचा नाही."

"पण तू घातलास."

"मी चुकलो."

"उस्ताद पण चुकले?"

"ते पण."

"मग मी नाही चुकले," खारूताई म्हणाली, आणि काकांनी सांगितलं की नाही, तू नाही चुकलीस.

काल बोळक्याचा तिसरा आकडा आला. एकोणीस. उतरतोय, पण डॉक्टरीणबाई "आपण बघू" एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी सूनबाईने फरशीवर धुतलेली चादर पसरली, त्यावर बोळक्याला सोडलं आणि स्वतः शेजारी बसली. काका समोर खुर्चीत होते. बोळक्या रांगत थेट त्यांच्याकडे आला, त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि हिरड्या दाखवून हसला. काकांनी दोन्ही हात वर धरले, खांद्यांपर्यंत, आणि सूनबाईकडे पाहिलं.

"हात धुतलेत?" तिने विचारलं.

"दोनदा."

"पुन्हा धुऊन या."

ते उठले आणि मोरीकडे गेले.